कुत्रा, पुरलेली तार आणि शॉकचा पट्टा: नागपूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

काटोल रोडला नाहीतर उमरेड रोडला दोन एकराचा तुकडा घेतला, घर बांधलं, कुत्रा आणला आणि मग कळलं की पक्क्या कंपाउंडला पैसे उरले नाहीत. तेव्हा आठवतं इलेक्ट्रॉनिक कुंपण: जमिनीत पुरलेली तार आणि कुत्र्याच्या गळ्यात शॉकचा पट्टा. माझ्याकडे येणारे निम्मे फोन इथूनच सुरू होतात. मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करतो, तारा विकत नाही. त्यामुळे खालच्या काही उत्तरांत "घेऊ नका" असंही लिहिलंय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त सारखे सारखे एकत्र केलेत.

१. भाऊ, हे म्हणजे आपल्या शेतातलं झटका मशीनच न?

नाही. हा गोंधळ आधी दूर करू. झटका मशीनमध्ये झटका तारेतच असतो. रोही किंवा रानडुक्कर तारेला लागलं की त्याला बसतो, तुम्ही लागलात तर तुम्हालाही बसतो. कुत्र्याच्या कुंपणाची तार जमिनीत पुरलेली असते, तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि तिच्यातून फक्त एक कमजोर सिग्नल फिरतो. शॉक देणारं यंत्र कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात असतं. आणि घरची लाईन थेट कुंपणाला जोडायचा विचार कोणी करत असेल तर तो इथेच सोडा. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

२. मग ते चालतं कसं?

भिंतीवर एक बॉक्स असतो. त्यातून निघालेली तार सगळ्या जागेला वेढा घालून परत बॉक्सलाच येते. हा वेढा पूर्ण झाल्याशिवाय सिग्नल नाही. कुत्रा तारेजवळ आला की पट्टा आधी बीप देतो, तरी पुढे गेला तर मानेला शॉक बसतो. बीप तारेपासून किती फुटांवर वाजावा हे बॉक्सवरच्या बटणाने ठरवता येतं.

बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी पाहून घ्या. कोपरे काटकोनात नको, गोलाई हवी, नाहीतर कोपऱ्यावर सिग्नल नीट मिळत नाही. घरापासून वेढ्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या हव्यात, फूटभरात दहा-बारा पीळ. पीळ दिला की तिथला सिग्नल मरतो आणि कुत्र्याला त्यावरून जाता येतं. पीळ नसेल तर अंगणाच्या मधोमध एक नको असलेलं कुंपण तयार होतं आणि बिचाऱ्याला उमगतच नाही की तुळशीजवळ गेल्यावर का बसतंय. तिसरं, बोअरच्या मोटारीची केबल आणि ही तार शेजारी-शेजारी नेऊ नका. मीटरभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर आडवी, काटकोनात.

३. बाहेरची कुत्री, वानरं आत येणार नाहीत न?

खुशाल येतील. पट्टा फक्त तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात आहे. गावातली कुत्री, वानरं, डुकरं, साप, चोर, कोणालाच हे कुंपण दिसत नाही आणि लागतही नाही. वाईट भाग असा की तुमचा कुत्रा पळू शकत नाही, अंगावर येणारा मात्र मोकळा असतो. म्हणून रेबीजचं इंजेक्शन चुकवू नका.

गोरेवाडा, हिंगणा किंवा काटोलकडच्या जंगलाला लागून जागा असेल तर जास्त स्पष्ट बोलतो. बिबट्याला कुत्रा हे सोपं खाणं आहे. अंधार पडला की कुत्रा घरात किंवा वरून-खालून बंद जाळीच्या खोलीत. यात माझ्याकडे अपवाद नाही.

४. माझा प्लॉट ३० बाय ५० चा आहे, बेसा साइडला. बसवू का?

नको. हिशेब करा. तार कंपाउंडला लागून टाकली आणि पट्टा तारेपासून ५ फुटांवर बोलायला लागला, तर चारही बाजूंनी ५-५ फूट गेले. उरले २० बाय ४०, म्हणजे १,५०० पैकी ८०० चौरस फूट, आणि त्यातच तुमचं घर उभं आहे. कुत्र्याने फिरायचं कुठे? एवढ्या जागेला फाटकाची जाळी आणि भिंतीवर दोन फूट उंची वाढवणं हेच बरं. फ्लॅट आणि गच्चीसाठी तर विचारूच नका.

५. जीपीएसवाला पट्टा घेतला तर तार पुरायची कटकटच नाही, बरोबर?

तारेची कटकट नाही, दुसरी आहे. जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे चुकतो. आंब्याच्या दाट झाडाखाली किंवा उंच इमारतीजवळ जास्तच चुकतो. कुत्र्याच्या दृष्टीने कुंपण आज इथे, उद्या चार पावलं तिकडे. मोठ्या मोकळ्या शेतात हे चालून जातं, कारण तिथे हद्दीच्या बरंच आत रेघ आखता येते. एकराच्या खाली मी तरी सुचवत नाही. शिवाय तो पट्टा रोज चार्ज करावा लागतो आणि आपण मोबाईल सोडून काहीच रोज चार्ज करत नाही.

६. कुत्र्याला किती लागतं? हे क्रूर नाही का?

पट्टा कुत्र्याला घालायच्या आधी मी तो मालकाच्या हातात देतो आणि सर्वांत खालच्या लेव्हलवर तारेजवळ न्यायला सांगतो. बहुतेक जण दचकतात आणि हसतात. वरच्या लेव्हलला कोणी हसत नाही.

माझं मत सांगतो: चूक होऊ दिली तर क्रूर आहे, आणि चूक करणं फार सोपं आहे. वेल्समध्ये २०१० पासून असे शॉकचे पट्टे कुत्र्या-मांजरांना घालायला बंदी आहे, कुंपणाचे पट्टेसुद्धा. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये शिक्षेऐवजी बक्षिसावर आधारित शिकवण्याचाच आग्रह धरला. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ विनाकारण वेदना देणं गुन्हा ठरवतं. त्याच कलमात आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणंही येतं, हे "त्यापेक्षा बांधलेला बरा" म्हणणाऱ्यांसाठी. पक्कं कंपाउंड परवडत असेल तर तेच करा. शॉकशिवायच्या पर्यायासाठी प्रश्न १८ पाहा.

७. कोणत्या कुत्र्याला हे लावूच नये?

सहा महिन्यांखालचं पिल्लू, गाभण कुत्री, मिरगीचे झटके येणारा किंवा हृदयाचा त्रास असलेला, चार किलोच्या आतला लहान जीव. बहिऱ्या कुत्र्याला बीप ऐकूच येत नाही, त्याला सरळ शॉकच बसेल. आधीच माणसांवर धावून जाणारा असेल तर मुळीच नको (कारण प्रश्न १७ मध्ये). आणि फटाक्याला पलंगाखाली शिरणारा, भित्रा असेल तर पन्नासदा विचार करा.

८. ट्रेनिंग नेमकं कसं करायचं? दिवसानुसार सांगा.

दिवसानुसार नाही, कुत्र्यानुसार. तरी अंदाज द्यायचा तर तीन-चार आठवडे, रोज दोन-तीनदा, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. त्यापेक्षा जास्त वेळ घेतला तर तोही कंटाळतो आणि तुम्हीही चिडता.

आधी झेंड्या लावा, तारेवर नाही, बीप जिथे सुरू होतो त्या रेषेवर, दर सात-आठ फुटांवर. तार कुत्र्याला दिसत नाही, झेंडी दिसते. रंग पांढरा किंवा निळा. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून हिरव्या गवतावरची ती सुंदर लाल झेंडी फक्त तुमच्यासाठी आहे. किटमधल्या झेंड्या कमी पडल्या तर पऱ्हाटीच्या काड्यांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधा, छान काम होतं.

पहिले दोन-तीन दिवस पट्टा बंद ठेवून नुसता घालायचा, म्हणजे गळ्यातल्या वजनाची सवय होते.

मग पहिला आठवडा फक्त बीप, शॉक पूर्ण बंद. नेहमीच्या साध्या पट्ट्याला दोर लावून झेंडीकडे चालत जा. शॉकच्या पट्ट्याला दोर कधीही लावायचा नाही. बीप वाजला की लगेच वळा, आनंदी आवाजात "चल, घरी!" म्हणत तीन-चार पावलं आत पळा आणि खाऊ द्या. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. तुम्ही त्याला झेंडीची भीती शिकवत नाही. बीप म्हणजे "मागे फिर, तिकडे मजा आहे" एवढंच शिकवायचं. दर वेळी वेगळ्या जागेवरून जा, नाहीतर त्याला फक्त चाफ्याजवळची हद्द कळेल आणि बाकी तीन बाजू मोकळ्याच वाटतील. दहापैकी आठ वेळा दोर ताणला जायच्या आधी तो आपणहून वळला, की पुढे.

दुसऱ्या आठवड्यात शॉक चालू, सर्वांत खालच्या लेव्हलवर. इथे कुत्र्याच्या कानाकडे बघा. कान झटकला, हुंगणं थांबवलं, मान किंचित वाकडी केली, म्हणजे त्याला जाणवलं. तेवढंच हवं. तो केकाटला तर लेव्हल जास्त आहे, त्याचा नाही, तुमचा दोष. काहीच जाणवलं नाही तर लेव्हल वाढवायच्या आधी पट्टा नीट बसलाय का पाहा (प्रश्न १०).

तिसऱ्या आठवड्यात मोह. दोर हातातच. झेंडीपलीकडे घरच्या कोणाला तरी चेंडू घेऊन उभं करा, पोराला सायकल फिरवू द्या. तिकडून कोणी त्याला हाक मारायची नाही. हाक मारून बोलवायचं आणि मग शॉक बसू द्यायचा, ही दगाबाजी झाली, आणि कुत्रे दगाबाजी लक्षात ठेवतात.

चौथ्यात तीस फुटांचा दोर जमिनीवर मोकळा सोडा आणि तुम्ही चहा घेऊन ओट्यावर बसा. नजर मात्र त्याच्यावर. आठवडाभर एकही चूक नाही, मग एक सोडून एक झेंडी काढा, चार दिवसांनी पुन्हा निम्म्या, असं करत संपवा.

९. शेजाऱ्याचा दोन दिवसांत शिकला, आमचा काऊन नाही शिकून राहिला?

शेजाऱ्याचा बहुधा शिकला नाही, घाबरला आहे. शेपटी खाली आहे का, अंगणात उतरायलाच तयार नाही का, पायरीवरच लघवी करतो का, पाहा. तसं असेल तर त्यांना पट्टा काढून प्रश्न ८ च्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करायला सांगा. तुमचा बरा चाललाय.

१०. पट्टा किती घट्ट? रात्रंदिवस ठेवला तर चालेल?

पट्ट्याच्या आतल्या धातूच्या पिना, ज्यांतून शॉक बसतो, कातडीला लागायला हव्यात, केसांना नाही. पिन आणि मान यांच्यामध्ये एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला लांब पिना वापरा. मानेची भादरणी करायची गरज नाही. पट्टा घालताना कुत्रा उभा असू द्या, बसल्यावर मान जाड होते.

रात्रंदिवस अजिबात नाही. दिवसाला जास्तीत जास्त दहा-बारा तास आणि मधून मधून जागा थोडी सरकवायची. रात्री तो घरातच असणार आहे (प्रश्न ३), तेव्हा पट्टा खुंटीला. पट्टा चालू आहे का हे किटसोबत येणाऱ्या छोट्या दिव्याने तपासा, आठवड्यातून एकदा.

११. मानेवर दोन गोल जखमा झाल्या. शॉकने भाजलं का?

बहुधा नाही. भाजल्यासारखंच दिसतं, पण पिना तासन् तास एकाच जागी रुतून तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरते. पावसाळ्यात ओल राहिली की हेच दुप्पट वेगाने होतं आणि आपल्याकडे जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. पट्टा लगेच काढा, हळद-तेल न लावता डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही नेता येईल. जखम पूर्ण भरेपर्यंत पट्टा नाही. रोज संध्याकाळी पट्टा काढताना बोटाने मान चाचपा, गोचीडही तिथेच सापडतात.

१२. तार दर उन्हाळ्यात तुटून राहिली. बसवणारा म्हणते माल चांगला आहे.

माल चांगला असेलही. माती आपली आहे. विदर्भाची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून अशा भेगा पडतात की हात जातो. दोन इंचांवर ताणून पुरलेली तार त्या भेगेबरोबर ओढली जाते आणि सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे जोडावर, तुटते.

उपाय: तार ताणू नका, थोडी नागमोडी टाका. शक्य तिथे पातळ पीव्हीसी पाइपातून न्या. जोड कमीत कमी ठेवा आणि जे आहेत ते जेल भरलेल्या पाणीरोधक टोपणात बंद करा, नुसता काळा टेप एक पावसाळाही काढत नाही. धुऱ्यावर काटेरी तारेचे खांब उभे असतील तर पुरूच नका, खांबालाच प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा. लोखंडी तारेला चिकटवून मात्र नाही, सिग्नल बिघडतो. टिनाच्या शेडजवळही तेच होतं.

तार तुटली की बॉक्स पीं-पीं करतो. आधी माळ्याला विचारा. संत्र्याला आळं करताना किंवा ठिबकची नळी बदलताना कुदळ लागलेली असते, पण कोणी सांगत नाही. पुरायच्या आधी कागदावर नकाशा काढून फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

१३. लाईन गेली तर कुंपण बंद?

हो, पट्टा गप्प होतो. बॉक्सला फार कमी वीज लागते, इन्व्हर्टरवर टाका. पण वीज कडाडायला लागली की उलट करा: कुत्रा घरात घ्या आणि बॉक्सचा प्लग व तारा दोन्ही काढा. शेकडो फूट लांब तार जमिनीत म्हणजे विजेला आमंत्रण. दिवाळीच्या फटाक्यांतही कुत्रा घरातच. घाबरलेल्या कुत्र्याला बीप ऐकू येत नाही.

१४. मे महिन्यात ट्रेनिंग सुरू करू का?

पारा ४५ च्या वर असताना कुत्र्याला झेंडीपुढे चालवणं ही त्याची परीक्षा नाही, तुमची आहे. सकाळी सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर तासाभराने. तळहाताची मागची बाजू फरशीवर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम.

१५. एरवी बरोबर राहतो, पण वानर दिसलं की तार ओलांडून पळून राहिला. लेव्हल वाढवू का?

लगेच नाही. पूर्ण वेगात धावणारा कुत्रा बीप आणि शॉकची ती जागा दोन सेकंदांत पार करतो. शॉक बसतो, पण डोक्यात वानर असतं. खरी अडचण परतताना येते: वानर गेलेलं, अंग थंड झालेलं, आणि घरी यायचं तर शॉक खावा लागणार. म्हणून तो बाहेरच थांबतो. जाताना फुकट आणि येताना शिक्षा, असा हा उलटा व्यवहार आहे.

बॉक्सवरून बीपची रुंदी वाढवा, म्हणजे वळायला जास्त वेळ मिळेल. प्रश्न ८ चा तिसरा आठवडा पुन्हा करा, दोर लावून, वानरं येतात त्या वेळेला. एवढं करून लेव्हल एकच पायरी वाढवा. तरीही जात असेल, आणि कारवानीसारखे शिकारी कुत्रे जातातच, तर हे कुंपण त्याच्यासाठी नाही. बाहेर सापडला तर रागावू नका. त्याचा पट्टा काढा आणि फाटकातून आत आणा.

१६. फाटकातून फिरायला न्यायचं तर जागचा हलत नाही.

म्हणजे शिकला! आता त्याला परवानगीची पद्धत शिकवा. शॉकचा पट्टा काढून घरात ठेवा, साधा पट्टा-दोर लावा, नेहमी एकाच जागेवरून, नेहमी एकच शब्द ("चल, बाहेर") आणि पलीकडे पोचल्यावर खाऊ. हलतच नसेल तर पहिले आठ दिवस गाडीत बसवून न्या. दोर लावल्याशिवाय तिथून कधीही बाहेर काढू नका, नाहीतर उद्या तो स्वतःच परवानगी घेईल.

१७. आधी दूधवाल्याला शेपटी हलवायचा. तार बसल्यापासून गुरगुरते. काय झालं?

हेच माझ्या भुऱ्यासोबत झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भुऱ्या गावठी, तांबूस, सगळ्यांचा दोस्त. मी तार थेट रस्त्याला लागून टाकली होती, कारण अंगण वाया जाऊ द्यायचं नव्हतं. दूधवाला आला की भुऱ्या स्वागताला धावायचा, बीपकडे लक्ष नाही, आणि शॉक. त्याने त्या क्षणी काय पाहिलं? तार नाही, दूधवाला. चार-पाचदा असं झाल्यावर त्याच्या हिशेबात दूधवाला आला की मान दुखते, एवढंच जमा झालं. मग तो दुरूनच दात दाखवू लागला. महिनाभर मी त्याला "बदमाश झालाय" म्हणत होतो.

पट्टा त्याच दिवशी बंद करा. रस्त्याकडची तार पंधरा-वीस फूट आत घ्या, म्हणजे येणारा-जाणारा आणि बीप यांचा संबंध तुटेल. फाटकाजवळ खरी जाळी लावा. दूधवाला दुरून दिसला की तुम्ही खाऊ द्या, रोज थोडं जवळून. आम्हाला दीड महिना लागला. चावा घेण्यापर्यंत गेलं असेल तर हे घरच्या घरी करू नका, वर्तनाची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

१८. शॉक कायमचा बंद ठेवून फक्त बीपवर चालेल?

बऱ्याच कुत्र्यांचं चालतं, विशेषतः खाण्यावर जीव असलेल्या लॅब्रॅडॉरचं. पहिल्या आठवड्याचा टप्पा महिनाभर करा आणि नंतरही अधूनमधून बीपला वळल्यावर खाऊ देत राहा. तुम्ही अंगणात असताना हे पुरतं. तुम्ही ऑफिसला आणि कुत्रा एकटा, यावर मी भरवसा ठेवणार नाही. खरं तर शॉक चालू असतानाही ठेवणार नाही.

१९. कुंपण असूनही बाहेर जाऊन कोणाला चावला तर जबाबदार कोण?

तुम्ही. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक कुंपण होतं" याने चावलेल्याचं समाधान होणार नाही. फाटकावर पाटी लावा. चावलेल्याने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

२०. दोन वर्षं झाली, आता पट्टा नसला तरी जात नाही. बॉक्स काढून विकू का?

विकू नका. सवयीने थांबणारा कुत्रा मधूनच एकदा तपासून बघतो, आणि बीप आला नाही तर दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे जातो. बॉक्स चालू ठेवा, पट्टा आठवड्यातून तीन-चार दिवस घाला, बाकी दिवस मानेला आराम. नवा कुत्रा आणला तर त्याचा पट्टा वेगळा आणि ट्रेनिंगही वेगळं, जुन्याच्या मागे पळत तो हद्द शिकत नाही. आणि घर बदललं तर जुनं शिकलेलं तिथे लागू नाही: नव्या जागेत झेंड्या, चिकन आणि प्रश्न ८, पहिल्या दिवसापासून.